पुटपुटणारा तालुका

बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांतल्या तमाम स्त्री-पुरुषांना, तसंच या भागातून एसटीनं नुसत्या जाणाऱ्या परगावच्या प्रवाशांनाही अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं, की गेली कित्येक वर्षं आपण सगळे पुटपुटत आहोत. आपल्या जिभा जड झाल्या आहेत, ओठ उघडेनासे झाले आहेत आणि स्पष्ट मराठी बोलणारा एकच माणूस या मुलखात शिल्लक राहिला आहे. हा शोध माझा नाही. तो माझ्या बायकोच्या थोरल्या मामांचा आहे आणि शिल्लक राहिलेला तो एकमेव माणूस म्हणजे अर्थातच ते स्वतः. लोक पुटपुटायला का लागले याची कारणंही त्यांनी शोधून ठेवली होती. निम्म्यांच्या तोंडात मावा असतो, उरलेल्यांची मान मोबाइलमध्ये असते आणि बायका तर पहिल्यापासून भिंतीशीच बोलतात. "आमच्या टायमाला वरकुट्याच्या माळावर माणूस बोलला की खाली मळ्यात ऐकू यायचं," मामा मला ठणकावून सांगत. "आता समोर बसून बोलत्यात, तरी कळत न्हाय. खाण्यात कस ऱ्हायला न्हाय, जावई!" बहिरी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण स्वतःचं बहिरेपण उचलून अख्ख्या जिल्ह्याच्या तोंडावर मारणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आता तुम्ही विचाराल, की एवढा बहिरा माणूस इतकी वर्षं सापडला कसा नाही? त्याचं कारण मामांच्या धंद्यात आहे. मामा जनावरांच्या बाजारातले दलाल. बैल, गाई, म्हशी, जे चार पायांवर उभं राहील ते त्यांनी एका दावणीवरून सोडवून दुसऱ्या दावणीला बांधलं. आणि हा जगातला एकमेव धंदा असा, की ज्यात कानाचं काहीही काम नाही. विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये दलाल उभा राहतो, खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकतो आणि त्याच्याखाली बोटं धरून किंमत बोलतो. एक बोट दाबलं की एक आकडा, दोन दाबली की दुसरा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव फक्त त्या दोन हातांना ठाऊक. वरती तोंडानं सगळे बोलत असतात, पण ते निव्वळ शोभेचं. "आईची आन", "लेकरासारखं वाढवलंय", "तुमच्याकडं बघून देतोय" असलं काहीबाही. ते ऐकलं काय आणि न ऐकलं काय! टॉवेलाखाली मामांचे कान हळूहळू गेले आणि बाजारात कुणाला वाससुद्धा आला नाही.

शिवाय माणसाचं तोंड वाचण्यात मामांचा हात धरणारा कुणी नव्हता. गिऱ्हाईक जनावराभोवती एक फेरी मारतं तेवढ्यात ते त्याच्या डोळ्यांवरून सांगत, की हा घेणार, हा नुसता चहा पिऊन जाणार. हीच विद्या त्यांनी घरीदारी वापरली. लग्नकार्यात गेले की भिंतीला पाठ लावून, समोरच्याच्या तोंडावर उजेड पडेल अशीच जागा धरायची. मग ओठ बघायचे, भुवया बघायच्या आणि लोक हसले की हसायचं, लोकांनी "च् च्" केलं की मान हलवायची. अडचण झालीच, तर आपणच बोलत सुटायचं. मामांशी गप्पा मारायला जाणं म्हणजे भाषण ऐकायला जाणं. समोरच्यानं तोंड उघडण्याआधी ते पुढच्या गोष्टीवर गेलेले असत. फोनवर तोंड दिसत नाही, म्हणून फोन आला की आपलं सगळं सांगून झाल्याबरोबर बंद करायचा. पलीकडचा माणूस मेला की जगला याच्याशी कर्तव्य नाही. संध्याकाळी लाईट गेली, की रंगात आलेला हा वक्ता मध्येच गप्प होई आणि "चला, झोपा आता" म्हणून उठे. आम्हांला वाटायचं, म्हातारा लवकर निजतो. पुढं तोंडाला मास्क बांधायचे दिवस आले, तेव्हा मात्र मामांची दैना झाली. सगळ्या तालुक्याची तोंडं एकदम झाकली गेली. मामांनी तेव्हा जाहीर केलं, की लोकांच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे, नाहीतर तोंड कशाला लपवलं असतं?

या माणसाच्या अहंकाराला तर सीमाच नव्हती. एकदा साखर कारखान्याच्या हंगामात आम्ही दोघं रस्त्यानं चाललो होतो. मी कडेनं, मामा मधोमध, मालकाच्या चालीनं. मागून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला. तुम्हांला ठाऊकच आहे, उसाच्या ट्रॅक्टरवर जी गाणी लावतात ती ऐकून झाडावरचे कावळे उडतात. त्यात ड्रायव्हरनं हॉर्न धरला. त्याच्यामागं दुसरा ट्रॅक्टर, मग जीप, मग दुधाचा टेम्पो, अशी सगळी वरात मामांच्या मागं गोगलगायीच्या वेगानं चालू लागली. मी ओरडलो, हात केले, शेवटी दंडाला धरून ओढलं. मामांनी मागं वळून बघितलं. ती रांग बघितली. चेहऱ्यावर अपार समाधान पसरलं. "बघितलं, जावई? अजून मान हाय आपल्याला," ते म्हणाले. "एवढी गाड्या-घोड्यांची माणसं, पण एक जन पुढं गेला न्हाय." ड्रायव्हर ओरडून जे सांगत होता त्यात मामांच्या मातोश्रींचा उल्लेख होता. मामांनी त्याला हात जोडून नमस्कार केला.

कानाला काहीतरी करा, असं त्यांना कुणी सांगितलं नाही असं नाही. सल्ल्यांचा तर पूर आला होता. कुणी लसणाचं तेल कोमट करून घालायला सांगितलं, कुणी मुळ्याचा रस. हे सगळं मामांनी अगदी मन लावून केलं, कारण त्यात कानांना काही झालंय असं कबूल करावं लागत नव्हतं, नुसती 'सफाई' होती. त्यांचे कान वर्षभर फोडणी दिल्यासारखे वास मारत होते. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून आठवडी बाजारातून एक यंत्र आलं. ते माणसाचं बोलणं सोडून बाकी सगळं मोठं करायचं. भांडी, वारा, कोंबड्या. वर स्वतःच शिट्टी मारायचं. एका दुपारी ते कानात असताना गल्लीतली कुत्री घरासमोर जमली. मामांनी ते उकिरड्यात फेकलं आणि सगळ्या डॉक्टरी विद्येवर कायमची फुली मारली. मी एकदा धीर करून म्हणालो, "मामा, चष्मा लावताच ना? मग हे का नको?" मामा मला कोपऱ्यात घेऊन गेले. "जावई, शिंगं रंगवलेला बैल बाजारात उभा ऱ्हातो. चष्मा म्हंजे ती रंगवलेली शिंगं. पण कानात मशीन घातलं, म्हंजे खोड उघडी पडली. खोडीच्या जनावराला कोन इचारतं?" ज्या माणसानं एका डोळ्यानं अधू असलेला बैल, त्या बाजूला स्वतः उभं राहून सौदा होईपर्यंत झाकून ठेवला होता, त्याला खोड लपवण्याचं शास्त्र मी काय शिकवणार?

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण एक दिवस मामी पिशवी घेऊन आमच्या बारामतीच्या घरी आल्या. पायाला पट्टी, चाल लंगडी. "कशा आलात?" विचारलं तर म्हणाल्या, "यष्टीनं. आता हितंच ऱ्हानार." माझी बायको त्यांची लाडकी भाची, तिनं आधी चहा दिला आणि मग हळूहळू सगळं काढून घेतलं. मामी गोठ्यात शेण भरायला गेल्या आणि पाय घसरून पडल्या. पाय असा मुरगळला की उठता येईना. मामा चार हातांवर ओट्यावर, गोठ्याकडं पाठ करून, ऊन खात शेंगा फोडत बसलेले. मामींनी हाक मारली. पुन्हा मारली. आरडून, रडून, देवाचं नाव घेऊन मारली. मामांची पाठ हलली नाही. शेंगांची टरफलं मात्र एका लयीत पडत होती.

"वासरू आलं," मामी म्हणाल्या. "माझं तोंड चाटून गेलं. ह्यो न्हाय आला. मग धारंची वेळ झाली, म्हैस वरडली, तवा उठला. म्हशीचं बरं ऐकू येतं! आन् आत येऊन मला काय म्हनतो? 'हितं का बसलीस?'"

मी हसलो. माझ्या बायकोनं माझ्याकडं असं बघितलं, की बाजारात खोड उघडी पडलेल्या बैलासारखं मला झालं. मामी हसत नव्हत्या. "बाकीच्यांचं समदं ऐकतो," त्या म्हणाल्या. "बाजारातल्या गड्यांचं ऐकतो, टेम्पोवाल्याचं ऐकतो. माझंच ऐकत न्हाय. इतकी वरसं सोसलं. आता कान घेतल्याबिगर मी त्या घरात पाऊल टाकनार न्हाय. उद्या मी गोठ्यात मेले तर ह्यो शेंगा संपवूनच उठंल."

मामा तीन-चार दिवस आले नाहीत. मग आले. इस्त्रीची टोपी, खांद्यावर नवा टॉवेल आणि अंगावर करपलेल्या भाकरीचा वास. सोफ्यावर भिंतीला पाठ लावून बसले. मामी समोर येऊन उभ्या राहिल्या आणि बोलू लागल्या. रागानं ओठ आवळून बोलत होत्या, त्यामुळं मामांना त्यातलं अक्षर वाचता येईना. त्यांनी माझ्याकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. आणि मग या थोर पुरुषानं जे केलं, ते करायला त्यांच्याच धंद्यातला माणूस पाहिजे. खांद्यावरचा टॉवेल काढला, उजव्या हातावर पसरला आणि तो हात बायकोपुढं केला. "बोल. काय म्हननं हाय तुजं?"

मामींनी टॉवेल ओढून खाली आपटला. "मी काय गाय हाय व्हय?" हे मात्र मामांना ऐकू आलं असावं, कारण समोरच्या इमारतीतल्या बायकाही गॅलरीत आल्या.

दुसऱ्या दिवशी आमची यात्रा निघाली. आधी कानाच्या डॉक्टरांकडं. त्यांनी कानांतून मळ काढला, तेव्हा मामा एकदम ताठ झाले. "बघा! एवढंच हुतं!" डॉक्टर म्हणाले, एवढंच नाही, आणि श्रवण तपासणीच्या मॅडमकडं पाठवलं. मॅडम म्हणजे आमच्या मुलीच्या वयाची एक हसरी पोरगी. तिनं मामांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं. बारीकसा जरी आवाज आला तरी बटण दाबायचं. ती बाहेर यंत्रापाशी बसली. मी आणि मामी बाकावर. तपासणी सुरू झाली आणि मामांनी धडाधड बटण दाबायला सुरुवात केली. मॅडमच्या कपाळाला आठी पडली. त्यांच्या कागदावर मामांचे कान विशीतल्या पोराचे निघत होते. मामी तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "मी म्हनत न्हवते? लबाड हाय! समदं ऐकू येतं!"

मॅडमनं मग एक काम केलं. नुसताच हात हलवला. आवाज सोडलाच नाही. काचेपलीकडं मामांनी तत्परतेनं बटण दाबलं. पुन्हा नुसता खांदा हलवला. पुन्हा बटण. मी कपाळाला हात लावला. हा गृहस्थ श्रवण तपासणीतसुद्धा गिऱ्हाइकाचे डोळे वाचत होता. जगात माणसं परीक्षेत कॉपी करतात, पण कानांच्या परीक्षेत डोळ्यांनी कॉपी करणारा हा पहिलाच.

मॅडम हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. आत गेल्या आणि मामांची खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड करून ठेवली. म्हणाल्या, "आजोबा, आता निवांत." मग पुन्हा तपासणी सुरू झाली. काचेतून आम्हांला फक्त मामांची पाठ दिसत होती, आणि बटणावर ठेवलेला अंगठा. मॅडम आवाज सोडत होत्या, ते यंत्रावरच्या दिव्यावरून कळत होतं. अंगठा हलत नव्हता. मॅडमनी आवाज वाढवला. अंगठा तसाच. पाठ अगदी ताठ, मान थोडी पुढं, दारावरची थाप ऐकायला बसावं तशी. एरवी मी या प्रसंगावर तुम्हांला अर्धा तास हसवलं असतं. पण त्या पाठीकडं मी नुसता बघत राहिलो. मामीही बघत होत्या. त्यांनी तोंडावरचा पदर कधी खाली घेतला ते मला कळलं नाही.

तपासणी झाल्यावर मॅडमनी कागदावरची उतरत गेलेली रेघ दाखवली आणि सावकाश समजावलं. वयानं कान जातात ते सगळे एकदम जात नाहीत. आधी बारीक, पातळ आवाज जातात. बायकांचे, लहान मुलांचे, पाखरांचे. जाड आवाज मागाहून. म्हणून ट्रॅक्टरचं इंजिन कळतं, पण तो कुठून येतोय ते कळत नाही, गड्यांचा जाड आवाज कळतो, म्हैस ओरडलेली कळते, आणि माणसाला स्वतःलाही वाटतं, की आपलं ठीक आहे, लोकच पुटपुटतात. "त्यांना शब्दांचे तुकडे ऐकू येतात, आजी. मोठ्यानं ओरडलं तरी तुकडेच येतात."

मामींनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. "म्हंजे," त्या म्हणाल्या, "ह्यो मुद्दाम न्हवता करत?"

"नाही, आजी."

"माझंच ऐकू येत न्हवतं... कारन माझा आवाज बारीक?"

"हो."

मामींनी मामांकडं बघितलं. मामा मात्र आमच्याकडं लक्ष न देता, टेबलावरचं कानात घालायचं यंत्र उलटंपालटं करून बघत होते. दात बघता आले असते तर तेही बघितले असते. आता घासाघीस होणार, मॅडमच्या हातावर टॉवेल पडणार, म्हणून मी अंग चोरून बसलो. मामांनी एकच प्रश्न विचारला. "ह्याच्यात खोड काय हाय?"

मॅडम त्यांच्या समोर सरकून बसल्या, तोंड त्यांच्याकडं केलं आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "खोडी आहेत, आजोबा. गेलेला कान परत येत नाही, ही फक्त मदत. गर्दीत, बाजारात सगळं नीट कळेलच असं नाही. पहिले काही दिवस सगळं विचित्र वाटेल, स्वतःचा आवाजसुद्धा. लगेच काढून फेकावंसं वाटेल. फेकायचं नाही. रोज थोडा थोडा वेळ घालायचं, सवय होईल. आणि मधूनमधून माझ्याकडं यायचं, मी बसवून देईन."

मामांनी मान वर केली. उभ्या आयुष्यात हजारो सौदे केलेला तो माणूस तिच्याकडं टक लावून बघत होता. "जावई," ते मला म्हणाले, "ही पोरगी इकायच्या आधी खोड सांगती. माल चांगला हाय. घ्या."

घासाघीस झाली नाही. मला वाटतं, मामांच्या आयुष्यातला हा एकमेव सौदा, ज्यात टॉवेल खांद्यावरच राहिला.

यंत्र तयार व्हायला, कानात बसवायला पुन्हा एकदा जावं लागलं. त्या दिवशी मामी घरून निघाल्या तेव्हा हातात पिशवी नव्हती, म्हणजे गावी परतायचा बेत अजून नव्हता. मी ते बघितलं आणि बायकोला दाखवलं, तिनं मला गप्प राहायला सांगितलं. मॅडमच्या खोलीबाहेर पेशंटांची गर्दी, दार अर्धं उघडं. मॅडमनी दोन्ही कानांत यंत्रं बसवली, संगणकावर काहीतरी कमी-जास्त केलं. मामा दचकले. पंख्याकडं बघितलं. टेबलावर कागद सरकला तिकडं बघितलं. मग मॅडमनी त्यांना खिडकीकडं तोंड करून बसायला सांगितलं आणि मामींना म्हणाल्या, "आता तुम्ही बोला, आजी."

मामींनी सवयीनं पदर खोचला, छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं. मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं. "ओरडायचं नाही. साधं बोला. घरात बोलतो तसं."

मामी गोंधळल्या. ओरडून सांगायच्या गोष्टी त्यांच्याकडं रोजच्या होत्या. जेवायला या, दार लावा, धारंची वेळ झाली. साधं बोलायचं म्हणजे काय बोलायचं, ते त्यांना आठवावं लागत होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग खिडकीकडं तोंड करून बसलेल्या त्या पाठीकडं. आणि अगदी बारीक आवाजात, मलासुद्धा कान द्यावे लागले अशा आवाजात म्हणाल्या, "पायाला बरं हाय आता माझ्या. सांजच्या गाडीनं घरी जाऊ."

मामा हलले नाहीत. मला वाटलं, गेलं, हेही फुकट गेलं. मग खुर्ची हळूहळू वळली. रोज सकाळ-संध्याकाळ बघितलेलं ते तोंड मामा बघत राहिले, आज वाचायला काही नसल्यासारखे. आणि आपला स्वतःचा आवाज केवढा आहे याचा अजून अंदाज नसल्यामुळं, बाहेरच्या सगळ्या पेशंटांनी माना वळवाव्यात एवढ्या मोठ्यानं त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"अगं, तुजा आवाज कवा म्हातारा झाला?"